विचारल्याशिवाय उचलू नका

आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची मिशन ट्रिप यंदा पुन्हा कोकणात जाणार आहे. नोंदणीच्या फॉर्मवर पहिलाच प्रश्न आहे, 'या ट्रिपमधून तुम्हाला काय मिळवायचं आहे?' काल बैठकीत मी म्हटलं, हा प्रश्न काढून टाका. काहींना राग आला. म्हणून सविस्तर लिहिते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये आम्ही चौदा जण चिपळूणला गेलो. २२ जुलैच्या पुराला दोन आठवडे होत आले होते. टेम्पोत जुन्या कपड्यांची पोती भरली होती. बाजारपेठेत उतरलो, तर कडेला तशाच कपड्यांचे भिजून कुजलेले ढीग. लोकांना हवी होती फावडी, घमेली, खराटे, फिनेल, कोरडी चादर. आमच्याकडे फावडी दोनच.

निघताना पाळकसाहेबांनी बजावलं होतं: धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, कुणी विचारलं तरच कुठून आलो ते सांगायचं. मी तेव्हा तेवीस वर्षांची. प्रभूचं नावच घ्यायचं नाही तर याला मिशन कशाला म्हणायचं, असं त्यांच्याशी भांडले होते.

आम्हाला एका काकूंचं घर मिळालं. तळमजला पूर्ण बुडालेला. वाशिष्ठीला कोयनेच्या वीजघरांतलं पाणी येऊन मिळतं, त्यात खाडीला भरती असली की पुराचं पाणी लवकर ओसरत नाही, हे त्यांनी गाळ उपसता उपसता समजावून सांगितलं. भिंतीवर २००५ च्या पुराची रेघ होती. या वेळची ओल त्या रेघेच्या बरीच वर.

दुपारी मी स्वयंपाकघर साफ करायला घेतलं. झपाट्याने. फुगलेलं लाकूड, गंजलेलं पातं, चिखलाने माखलेलं जे जे दिसलं ते घमेल्यात घालून रस्त्यावरच्या ढिगावर टाकलं. डंपर येऊन गेला. संध्याकाळी काकू बराच वेळ ओट्याखाली हाताने चाचपडत होत्या. मग विचारलं, "इथे विळी होती गो. खवणीची. सासूबाईंची."

मी काय केलं ते सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. "विचारायचंस ना," एवढंच म्हणाल्या आणि ओल्या भिंतीला पाठ टेकून खाली बसल्या. घर बुडालं तेव्हाचं सांगताना न रडलेली बाई विळीसाठी रडली. मी समोर उभी. हातातलं घमेलं कुठे ठेवावं ते सुचेना.

त्या रात्री मुक्कामाच्या शाळेत पाळकसाहेबांनी बायबलमधला योहानाचा तेरावा अध्याय वाचला. प्रभू शिष्यांचे पाय धुतो तो. लहानपणापासून ऐकलेला. पाय धुणारा खाली बसलेला असतो, हे मला त्या दिवशी दिसलं. मी काकूंच्या घरात दिवसभर उभी होते. त्यांच्या वस्तूंचं काय करायचं ते मीच ठरवत होते, आणि त्याला सेवा म्हणत होते.

पुढचे चार दिवस प्रत्येक वस्तू धुऊन काकूंच्या हातात दिली. काम निम्म्या वेगाने झालं. पण एकेका वस्तूबरोबर त्या बोलत गेल्या: हा डबा माहेरचा, ही पितळी पळी लेकीच्या बारशाची. मी ऐकत होते. त्याआधी मी कुणाचं इतकं ऐकून घेतलं नव्हतं, आईचंही नाही.

१८२३ साली स्कॉटिश मिशनरी याच किनाऱ्यावर, बाणकोट-हर्णै भागात आले. पुढे मुंबईत शाळा-कॉलेज उभारणारे जॉन विल्सनही १८२९ मध्ये भारतात आल्यावर आधी हर्णैला राहून मराठी शिकले. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही. पण शिकवण्याआधी ते शिकायला बसले, हे मला मोठं वाटतं. आपण मात्र दोन दिवसांसाठी जातो, भिंत रंगवतो, लेकरांबरोबर फोटो काढतो आणि परतल्यावर 'मी किती बदललो' याची साक्ष देतो. ज्यांच्या दारात गेलो त्यांना साधं विचारतही नाही.

म्हणून माझं मागणं आहे की फॉर्मवर विचारा, पुढच्या वर्षी याच गावात परत याल का? नसाल येणार तर पैसे पाठवा, जागा दुसऱ्याला द्या. जाण्याआधी तिथल्या माणसांना फोन करा, काय हवं ते लिहून घ्या. आणि पाच दिवसांपेक्षा कमी जाऊ नका. पहिला दिवस चुकण्यातच जातो.

मी २०२२ च्या मे महिन्यात काकूंकडे परत गेले, एकटीच. नवी विळी घेतली होती. त्यांनी दोन नारळ फोडून माझ्यापुढे ठेवले. माझ्या खोबऱ्यात करवंटीजवळचं काळं यायला लागलं, तशी त्यांनी माझं मनगट धरलं. "हात हलका ठेव. आणि वाटी फिरवत राहा," म्हणाल्या, आणि तांदूळ धुवायला गेल्या.