पाणी कुठलं वापरता, काकू?

पुण्यात, धायरीत माझं पोळी-भाजी केंद्र आहे, चौदा वर्षं झाली. या चौदा वर्षांत गिऱ्हाइकांनी मला खूप काही विचारलं. आज भाजी कोणती, तेल कमी घालता का, पोळीला दोन रुपये का वाढवले. पाण्याबद्दल मात्र कुणी कधी चकार शब्द काढला नव्हता. तो प्रश्न पहिल्यांदा आला जानेवारी २०२५ मध्ये. समोरच्या सोसायटीतला, रोज दोन डबे नेणारा मुलगा काउंटरशी आला, डबा हातात घेतला, परत खाली ठेवला आणि म्हणाला, "काकू, राग मानू नका, पण पाणी कुठलं वापरता?"

राग कसला मानायचा! त्या महिन्यात आमच्या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडत होते. आधी पोट बिघडायचं. मग काही दिवसांनी पायाला मुंग्या, मग जिना चढता येईना, मग काही जण थेट व्हेंटिलेटरवर. पोटात शिरलेल्या जंतूशी लढता लढता शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, असा तो आजार. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू सापडला, काहींत नोरोव्हायरस. दोन्ही तोंडावाटे जाणारे. दूषित पाणी, अर्धवट शिजलेली कोंबडी, न धुतलेले हात, हेच त्यांचे रस्ते. व्हॉट्सअॅपवर पनीर खाऊ नका, भात खाऊ नका, बाहेरचं काहीच खाऊ नका असे निरोप फिरत होते. माझे डबे आठवड्याभरात निम्म्यावर आले.

मी त्या मुलाला खरं ते सांगितलं. महापालिकेचा नळ, रात्री पातेल्यात खळखळ उकळून झाकून ठेवलेलं पाणी, त्यातूनच ताक, त्यातूनच कोशिंबिरीची काकडी-टोमॅटो धुणं. आमटीची मला भीती नसते, ती उकळतेच. भीती ताकाची, चटणीची, कोशिंबिरीची आणि धुऊन ठेवलेल्या डब्यांची. तो ऐकून घेऊन डबे घेऊन गेला. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनातून जात नाही. थोड्या अंतरावरच्या एका हॉटेलातही त्याने हेच विचारलं होतं आणि तिथेही त्याला सांगितलं होतं, "अहो, आम्ही फिल्टरचं वापरतो, एकदम शुद्ध." ते पाणी जारचं होतं. पुढे याच भागातल्या खासगी आरओ प्लांटच्या पाण्याचे नमुने खराब निघाले आणि महापालिकेने त्यातले बरेच प्लांट बंद केले. म्हणजे तो हॉटेलवालाही खोटं बोलत नव्हता, त्याचा खरंच विश्वास होता. पण त्या मुलाने माझं उत्तर खरं आणि त्याचं चुकीचं हे ओळखायचं कसं? दोघांचाही शब्दच. दोघांच्याही भिंतीवर तोच चौदा आकडी परवाना क्रमांक.

तपासणीत काय दिसलं ते हॉटेलच्या दारावर लावलेलं असावं, हेच मला आज सविस्तर लिहायचं आहे.

तो चौदा आकडी नंबर काय सांगतो? अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा, अंमल ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याखाली खाण्याचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने नोंदणी करायची किंवा परवाना घ्यायचा. १ जानेवारी २०२२ पासून हा नंबर बिलावर छापणंही सक्तीचं झालं. चांगलं झालं, मी त्याच्या बाजूने आहे. पण हा नंबर सांगतो की धंदा कोणाचा आहे आणि कुठे आहे. काल रात्रीचा भात आज सकाळी कुठे होता, हे तो सांगत नाही. तपासणीचे साहेब शेवटचे कधी येऊन गेले, त्यांना काय दिसलं, काय सुधारायला सांगितलं, ते सुधारलं का, यातलं काहीच गिऱ्हाइकाला कळत नाही. ते सगळं फायलीत असतं. सुधारणेची नोटीस मिळालेलं हॉटेल आणि ज्याचं स्वयंपाकघर आरशासारखं आहे ते हॉटेल, रस्त्यावरून दोन्ही सारखीच दिसतात.

नमुने घेतात की, असं म्हणाल. घेतात. नमुन्याचे चार भाग करतात, सील करतात, प्रयोगशाळेत पाठवतात. अन्न विश्लेषकाने अहवाल चौदा दिवसांत द्यायचा असतो. तुपात भेसळ आहे का, हळदीत रंग आहे का, यासाठी ही पद्धत ठीक आहे. पण स्वच्छता नमुन्यात सापडत नाही. ती हात धुण्याच्या जागी साबण आहे का यात असते, कच्चं आणि शिजलेलं एकाच फळीवर कापतात का यात असते, ओटा पुसायचं फडकं दिवसातून किती वेळा बदलतात यात असते. ते येऊनच पाहावं लागतं आणि न सांगता येऊन पाहावं लागतं.

भाताचं सांगते. माझा भाचा एकोणीस वर्षांचा, हॉस्टेलला राहतो. मागच्या पावसाळ्यात रात्री दहाला एका चायनीजच्या गाडीवरून व्हेज फ्राइड राइसचं पार्सल घेतलं, एकच्या सुमाराला उलट्या सुरू झाल्या, पहाटे सलाईन. गाडी कुठली ते लिहिणार नाही, कारण माझ्याकडे पुरावा नाही. घरात सगळे म्हणाले, सॉस खराब असेल, कोबी धुतला नसेल. माझा संशय भातावर. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू असतात, ते भात शिजतानाही मरत नाहीत. दुपारी शिजवलेला भात टोपलीत ढीग करून संध्याकाळपर्यंत तसाच ठेवला, की ढिगाच्या आत ऊब राहते आणि जीवाणू वाढून विष तयार करतात. ते विष कढईत कितीही परतलं तरी जात नाही. "गरम गरम होतं हो" याला इथे काही अर्थ नाही. उपाय साधा आहे. भात परातीत पातळ पसरायचा, पंख्याखाली झटपट निववायचा, डब्यात घालून फ्रिजमध्ये. हे कुणी त्या गाडीवाल्या पोराला शिकवलं असेल का? मला वाटत नाही. नियमात पंचवीस कामगारांमागे एक प्रशिक्षित माणूस लागतो. दोन माणसांच्या गाडीवर तो कुठून येणार!

आता उलटी बाजूही सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी एका बाईंनी माझ्या केंद्राला ऑनलाइन एक तारा दिला आणि लिहिलं, इथल्या उसळीने माझं पोट बिघडलं. मी फोन करून विचारपूस केली. उसळ दुपारी खाल्ली, त्रास त्याच संध्याकाळी, ताप आणि जुलाब. त्याआधी तीन दिवस त्या एका लग्नाला जाऊन आल्या होत्या. उसळ माझीच होती, चूक नसेलच असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. पण लोकांना हे माहीत असायला हवं की स्टॅफ नावाच्या जीवाणूच्या विषाने किंवा शिळ्या भाताने होणाऱ्या उलट्या काही तासांत सुरू होतात आणि कॅम्पिलोबॅक्टरसारख्याचा त्रास बहुतेक वेळा दोन ते पाच दिवसांनी. आपण शेवटचं जे खाल्लं त्यालाच दोष देतो. त्यात ज्याची चूक तो सुटतो आणि भलताच अडकतो. वर्षभराचे तपासणीचे शेरे दारावर लावलेले असते, तर त्या बाईंना ते वाचता आले असते आणि मला दाखवता आले असते.

स्वच्छतेच्या गप्पांत लोक फरशा, टोप्या आणि हातमोज्यांबद्दल बोलतात. माझ्या अनुभवात सगळ्यांत मोठा प्रश्न आहे रजेचा. स्वयंपाकघरात काम करणारी बहुतेक माणसं रोजावर असतात. पोट बिघडलं आणि घरी बसलं तर त्या दिवसाचे पैसे गेले. मग ती सांगतच नाहीत. गोळी घेतात आणि पोळ्या लाटायला उभी राहतात. आमच्याकडच्या एका मावशींनी असंच केलं होतं. मला दुपारी कळलं, तेव्हा त्यांच्या हातच्या शंभरेक पोळ्या गेल्या होत्या. मी रागावले. त्या रडल्या आणि म्हणाल्या, "ताई, पोराची फी भरायची होती." त्या दिवसापासून आमच्याकडे नियम आहे. उलटी, जुलाब, ताप किंवा हातावर पिकलेली जखम असेल तर सांगायचं, घरी जायचं, बरं वाटेपर्यंत पगार पूर्ण. वर्षभरात असे फार दिवस येत नाहीत. नियमाप्रमाणे कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करायची असते, टायफॉइडची लस द्यायची असते. ते मी करते. पण वर्षातून एकदा मिळणारा कागद आज सकाळचं पोट कसं आहे हे सांगत नाही. ते फक्त ती बाई सांगू शकते आणि पगार कापला जाणार नाही याची खात्री असेल तरच सांगेल. तुमच्या आवडत्या हॉटेलात पोऱ्याला आजारपणाची भरपगारी रजा मिळते का, हे विचारून पाहा.

आपला विश्वास कशावर बसतो, तेही बघा. वडापावच्या गाडीला लोक नाक मुरडतात. पण तिथे वडा आपल्या डोळ्यांदेखत उकळत्या तेलात पडतो आणि लगेच हातात येतो. गाडीवर भीती वड्याची नाही. ती ओल्या चटणीची आणि प्यायच्या पाण्याची. रद्दीच्या कागदाचीही, कारण छपाईच्या शाईत नको ती रसायनं असतात आणि वर्तमानपत्रात अन्न बांधून देण्याला नियमाने मनाई आहे. उलट मोबाइलवरून मागवलेलं जेवण चकचकीत डब्यात, स्टिकर लावून येतं. ते कुठल्या शटरमागे शिजलं, एकाच ओट्यावर किती नावांची हॉटेलं चालतात, काही दिसत नाही. अॅपवरचे तारे चवीचे आणि वेळेवर आल्याचे. पंचेचाळीस हजार लोकांनी चार तारे दिले तरी त्यातल्या एकानेही ते स्वयंपाकघर पाहिलेलं नसतं.

माझी लेक शिकायला वेल्समध्ये, कार्डिफला आहे. तिने मला पहिल्या आठवड्यात एका पार्सलच्या दुकानाच्या दाराचा फोटो पाठवला. हिरव्या-काळ्या स्टिकरवर शून्य ते पाच असे आकडे आणि चारवर खूण. तिथे नगरपरिषदेचे अधिकारी न कळवता येतात. अन्न कसं हाताळता, जागा कशी आहे आणि कारभारावर विश्वास ठेवावा असा आहे का, हे पाहून आकडा देतात. चवीचा त्यात काही संबंध नाही. वेल्समध्ये २०१३ पासून तो आकडा दारावर लावणं कायद्याने सक्तीचं आहे आणि फोनवर विचारलं तरी सांगावा लागतो. इंग्लंडमध्ये लावण्याची सक्ती नाही, पण आकडा इंटरनेटवर सगळ्यांना पाहता येतो. कमी मिळाला तर सुधारणा करून, फी भरून पुन्हा तपासणी मागता येते. लेक म्हणाली, "आई, इथे मी दोनचा आकडा दिसला की सरळ पुढे चालते."

आपल्याकडेही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची, स्वच्छता मानांकनाची योजना आहे, पाच हसऱ्या चेहऱ्यांची. पण ती ऐच्छिक आहे. ज्याची इच्छा असेल त्याने बाहेरच्या संस्थेकडून तपासून घ्यायचं. ज्याचं स्वयंपाकघर मुळात वाईट आहे तो कशाला बोलावेल?

मी हे बोलले की दोन उत्तरं येतात. एक, "अहो, आपल्याकडे ते स्टिकर विकत मिळेल." मिळेलही कुठे कुठे. पण आज गुपचूप फायलीत जे होतं ते तरी कुणाला दिसतं? दारावर तारीख, अधिकाऱ्याचा शेरा आणि आकडा असेल, तर आत झुरळं फिरताना पाचचा आकडा लावलेला गिऱ्हाइकाला दिसेल, तो फोटो काढेल, तक्रार करेल. तक्रारीसाठी फूड सेफ्टी कनेक्ट अॅप आहेच, तक्रार कशाच्या विरुद्ध करायची एवढंच आज हातात नसतं. दुसरं उत्तर, "छोटे धंदे मरतील." मी छोटीच आहे. माझ्याकडे स्टीलच्या भिंती नाहीत, एक्झॉस्ट जुना आहे. आकडा टाइल्सवर देऊ नका. हात, पाणी, भात, फ्रिज आणि आजारी माणसाची रजा यांवर द्या. त्या परीक्षेला मी उद्या बसायला तयार आहे आणि नापास झाले तर तो आकडाही दारावर लावेन.

मार्च उजाडेपर्यंत पाण्याबद्दल विचारणं लोकांनी बंद केलं. डबे पुन्हा पूर्वीएवढे झाले. धंद्यासाठी बरं झालं, पण मला त्या प्रश्नाची सवय लागली होती. अन्न व औषध प्रशासनाला आणि महापालिकेला मी अर्ज लिहिला आहे की आमच्या प्रभागातल्या तपासण्यांचे निकाल दारावर लावायची सुरुवात करा. उत्तराची वाट पाहतेय.

तोवर मी माझ्यापुरतं केलंय. काउंटरच्या काचेवर आतून एक कागद चिकटवलाय. त्यावर पाण्याचा नमुना कधी तपासला आणि काय निघालं, टाकी कधी धुतली, फ्रिजचं सकाळचं आणि संध्याकाळचं तापमान. साडेतीन ते साडेचार ही आमची स्वयंपाकघर धुण्याची वेळ. तेव्हा कुणीही आत येऊन बघू शकतं. चपला बाहेर काढा, दाराशी साबण ठेवलाय, हात धुऊन या. मोरीजवळची फरशी ओली असते, जरा जपून.