नवीन टायर पुढं टाका म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

आठवड्याभरात तोच मेसेज मला चार ग्रुपवर आला, त्यातला एक तर घरच्या भावकीचा. "टायर बदलण्याआधी हे वाचा, गाडी रॉकेटसारखी पळेल." म्हणणं असं की दोनच टायर घेणार असाल तर नवीन पुढं टाका, जेवढा रुंद टायर तेवढी ग्रिप, रेसिंगवाला मऊ टायर सगळ्यात भारी, उन्हाळ्यात हवा ५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) कमी ठेवून नायट्रोजन भरा, आणि नक्षी शिल्लक असेल तर टायर चांगलाच. बहुतेक गोष्टींत चिमूटभर खरं आहे म्हणून लोकांना पटतं, पण कोणीतरी हे वाचून खरंच दुकानात जाईल म्हणून लिहितोय.

आधी नवीन टायर पुढं. ही चूक मी स्वतः केलीय. माझी फियाटची छोटी गाडी अबार्थ पुंटो, १४५ एचपी, पुढच्या चाकांना ताकद, त्यामुळं पुढचे टायर आधी झिजले आणि मागचे "अजून बरेत की" म्हणून मी दोनच नवीन घेऊन पुढं टाकले. जुलैत कासवरनं साताऱ्याकडं उतरताना यवतेश्वरच्या घाटात एका उजव्या वळणावर डोंगराचं पाणी रस्त्यावर आडवं आलेलं, वेग पन्नासच्या आसपास असेल. गाडीचं नाक असं झकास वळलं की मला वाटलं वा, पैसे वसूल, आणि तेवढ्यात पाणी बघून मी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटक्यात काढला नि मागची बाजू डावीकडं कठड्याच्या दिशेनं निघाली. हॉर्न नाही, ब्रेकचा आवाज नाही, नुसता पाण्याचा फर्रर्र आवाज. स्टेअरिंग उलटं फिरवलं, गाडी सावरली, पण त्यात माझी हुशारी शून्य, समोरनं एसटी येत नव्हती एवढंच.

झालं काय, तर पुढच्या नव्या नक्षीनं पाणी बाजूला फेकलं, मागच्या झिजलेल्या टायरांना ते जमलं नाही, ते पाण्यावर तरंगले. त्यात ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की गाडीचं वजन पुढं जातं आणि मागचं अजून हलकं होतं. पुढचे टायर घसरले तर गाडी सरळ जायला बघते, आपण आपोआप पाय काढतो आणि बहुतेक वेळा ती परत ओळीवर येते. मागचे घसरले की गाडी फिरते, आणि तिथं जे करायचं ते आपल्यातल्या शंभरातल्या नव्वद जणांनी कधी केलेलंच नसतं. म्हणून टायर कंपन्या पण नवीन जोडी मागंच टाकायला सांगतात, ताकद कुठल्या का चाकांना असेना. पुढची जोडी आधी झिजते हे खरं, त्याला उपाय म्हणजे ८-१० हजार किलोमीटरला पुढचे मागं करत राहायचं, म्हणजे चारही एकदमच संपतात.

आता रुंदीचं. टोयोटाची जीटी ८६ बघा, मागच्या चाकांना ताकद, दोनशे एचपी, खास वळणांसाठी केलेली स्पोर्ट्स कार, आणि २०१२ ला ती आली तेव्हा कंपनीनं तिला २१५/४५ आर १७ (रुंदी २१५ मिमी, कडेची उंची तिच्या ४५ टक्के, रिम १७ इंची) मिशेलिन प्रायमसी टायर दिले, म्हणजे चक्क टोयोटाच्याच प्रियससारख्या साध्या गाडीला मिळायचे तसले. मुद्दाम. रुंद टायरनं रस्त्याला टेकणारा रबराचा तुकडा दुप्पट होत नाही, तो मुख्यतः आकार बदलतो, लांबट होता तो आडवा होतो. कोरड्यात वळताना त्याचा फायदा आहे, नाही म्हणत नाही. पण पावसात रुंद टायर लवकर तरंगतो, आणि अरुंद रिमवर चढवला तर कडा फुगून वळणावर लोळतात. उंचीचा हिशोब पण करा, माझ्या १९५/५५ आर १६ चा व्यास ६२१ मिमी, २०५/५५ टाकला की ६३२ होतो, म्हणजे स्पीडोमीटरला सवय होती त्यापेक्षा गाडी थोडी जास्तच पळते.

एका मित्राकडं सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेड ४ आहे, तिला पुढं २२५ आणि मागं २५५. त्याला कोणीतरी सांगितलं चारही २२५ घे, अदलाबदल करता येईल. बाबा, मागच्या चाकांना ताकद आहे, मागची रुंदी उगाच दिलेली नाही, ती काढली की शेपूट हलकी होणार. आणि रनफ्लॅट (हवा गेली तरी थोडं अंतर चालणारे टायर) काढून साधे टाकणार असशील तर टाक, गाडी मऊ चालेल, पण त्या गाडीत स्टेपनी नसते हे लक्षात ठेवून पंक्चर किट आणि पंप डिकीत टाक, नाहीतर खंबाटकीत बसशील फोन लावत.

मऊ रेसिंग टायर. तो गरम झाल्यावरच खरा धरतो, आणि साताऱ्यात पोवई नाक्यापासून गोडोलीपर्यंत जाताना तो काय गरम होणार? त्याला नक्षी कमी, म्हणजे पावसाळ्यात कासला तो साबणच. आणि आपल्याकडं नुसता पाऊस नाही, ऊस सुरू झाला की सांगलीकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या चाकांनी आलेली काळी माती, त्यावर पहाटेचं दव. तिथं रेसिंगचं काही कामाचं नाही, ओल्यात चांगला म्हणून नाव असलेला रोजचा स्पोर्टी टायर घ्या. २०२० च्या जूनमध्ये टायर आयातीवर निर्बंध आले होते, हवा तो मॉडेल कधी कधी मिळतच नाही, तेव्हा थांबा, पण पुढं एक आणि मागं भलताच असं करू नका.

हवेचं थोडक्यात. कमी हवेनं टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यात फुटायचं एक मोठं कारण हेच आहे, म्हणजे सल्ला बरोब्बर उलटा. दाराच्या चौकटीवर आकडा छापलेला असतो, सकाळी गाडी गार असताना तेवढीच भरा. नायट्रोजन? साध्या हवेत ७८ टक्के तोच आहे.

राहिली नक्षी. पुंटोला नंतर चार टायर घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं तुळतुळीत काळा टायर पुढं केला, नक्षी पूर्ण, रबराचे केस पण शाबूत. मी म्हटलं दुसरी बाजू दाखवा, कारण टायर बनवल्याच्या तारखेचा पूर्ण कोड एकाच बाजूला असतो. "दोन्ही बाजू सारख्याच असतात हो." फिरवला. शेवटचे चार आकडे २३२०, म्हणजे २०२० चा तेविसावा आठवडा, चार वर्षं गोडाऊनमध्ये पडून. रबर पडून पडून पण कडक होतं. नख दाबून बघितलं, शेजारच्या ताज्या टायरवर वळ उठला, ह्याच्यावर नाही. मग आतनं दुसरे आले.