फिलर म्हणे!

आज संध्याकाळी सोसायटीच्या गणपतीची मीटिंग होती. तिथून आल्यापासून एकच शब्द डोक्यात घोळतोय. फिलर. म्हणजे मधला वेळ भरायला घातलेलं काहीतरी.

झालं असं, की यंदा शनिवारच्या कार्यक्रमाला टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत नाव झालेली एक गायिका येणार आहे. येऊ दे. मुलगी गोड गाते, माझा काही आकस नाही. पण तिचं मानधन मोठं, कार्यक्रम दोन तासांचा, म्हणून दरवर्षीचं आपलं विविध गुणदर्शन यंदा कापायचं ठरलं. बी विंगमधल्या काकांचं जलतरंग, वॉचमनच्या मुलाचे पक्ष्यांचे आवाज, चौथ्या मजल्यावरच्या बहिणींचं भारूड, सगळं. आणि कमिटीतले एक गृहस्थ चहात बिस्कीट बुडवत सहज म्हणाले, "तसंही ते फिलरच असतं हो. त्यासाठी कोण येतं?"

वीस माणसं होती खोलीत. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि तोच राग आता बाहेर पडतोय.

घरी आले, कुकर लावला आणि एड सलिव्हन शोचा, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्हीवरच्या जुन्या विविध गुणदर्शनाचा, बीटल्स या ब्रिटिश बँडवाला भाग लावला. भावाने कधीतरी अमेरिकेतून आणलेल्या डीव्हीडीत तो अख्खा आहे, मधल्या जाहिरातींसकट. तुमच्यापैकी बहुतेकांनी त्यातली बीटल्सची गाणी पाहिली असतील. 9 फेब्रुवारी 1964, रविवार, रात्री आठ. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरचं थिएटर, सीबीएस या टीव्ही कंपनीचा स्टुडिओ 50. जागा 728 आणि तिकिटांसाठी 50,000 अर्ज. घरोघरी टीव्हीसमोर 7 कोटी 30 लाख माणसं. चार पोरं गातायत, मुली किंचाळतायत. ही क्लिप फिरत फिरत आपल्या व्हॉट्सअॅपवरसुद्धा येते.

पण तो कार्यक्रम एक तासाचा होता. बीटल्सनी सुरुवातीला तीन गाणी म्हटली आणि शेवटाकडे दोन. मग उरलेला वेळ कोण होतं तिथे? कोणाला तरी नावं आठवतात का? मी विचारतेय, सांगा.

पहिल्या तीन गाण्यांनंतर, जाहिरात संपल्यावर, जो माणूस आला तो फ्रेड कॅप्स. हॉलंडचा जादूगार. जादूगारांच्या जागतिक स्पर्धेचं सर्वोच्च पारितोषिक त्याने तीनदा मिळवलं होतं, 1950, 1955 आणि 1961 साली. असा हा माणूस. आणि त्याचं नशीब बघा, बीटल्सच्या पाठोपाठ उभा राहिला. पत्त्यांची एक करामत केली आणि मग मीठ काढलं. मीठदाणीतलं मीठ मुठीत ओतलं. मूठ उघडली तर रिकामी. आणि मग हातातून मीठ पडायला लागलं. पडतंय, पडतंय, थांबायचं नावच नाही. आणि याचा चेहरा असा, की हे काय चाललंय ते मलाच समजत नाहीये.

मी टीव्ही तिथेच थांबवला. कारण ही जादू माझे बाबा करायचे.

बाबा छापखान्यात कंपॉझिटर होते. दिवसभर शिशाचे खिळे जुळवून बोटं अशी तयार झाली होती, की आम्हाला दिसायच्या आत पत्ता या हातातून त्या हातात गेलेला असायचा. मिठाची जादू ते कुठे शिकले देव जाणे, पण त्यांनी ती दोन वर्षं घोटली. गिरगावातल्या आमच्या दीड खोलीत, रात्री जेवणं झाल्यावर, आरशासमोर. आई चिडायची. मीठ सांडलं की देवाघरी ते पापण्यांनी वेचावं लागतं, असं ती म्हणायची आणि जमिनीवरचा कण न् कण ओल्या फडक्याने टिपून घ्यायची. बाबा हसून म्हणायचे, "माझं मी वेचीन वर गेल्यावर, तू नको काळजी करूस."

1981च्या गणपतीत चाळीच्या कार्यक्रमात बाबांना दहा मिनिटं मिळाली. त्या वर्षी ऑर्केस्ट्रा होता आणि त्यात एक नावाजलेला गायक. तो पहिली चार गाणी म्हणून चहाला जाणार आणि तेवढ्या वेळात बाबा. म्हणजे अगदी फ्रेड कॅप्सचीच जागा.

पुढचं सांगते. आधी एड सलिव्हनबद्दल बोलू दे, कारण मला खरं त्याच्याबद्दल बोलायचंय.

हा माणूस मुळात वर्तमानपत्रात सदर लिहिणारा. गाता येत नाही, नाचता येत नाही, विनोद जमत नाही. कॅमेऱ्यासमोर खांद्यात काठी घातल्यासारखा ताठ उभा. त्याचा कार्यक्रम जून 1948 मध्ये सुरू झाला तेव्हा नाव वेगळं होतं, 1955 पासून त्याच्याच नावाने चालला आणि थांबला 1971 साली. तेवीस वर्षं दर रविवारी. का चालला? कारण त्याला एक गोष्ट कळली होती. घरात टीव्ही एक, आणि समोर आजोबांपासून नातवापर्यंत सगळे. म्हणून त्याने प्रत्येकासाठी काही ना काही आणलं. त्याच रंगमंचावर 1956 साली कंबर हलवत गाणारा रॉक गायक एल्विस आला आणि त्याच वर्षी मारिया कॅलासने ऑपेरातला प्रवेशही केला. 1958 साली, शीतयुद्ध चालू असताना, सोव्हिएत रशियातल्या मोइसेयेव्ह यांचा लोकनृत्याचा संच आला. आणि या सगळ्यांच्या मागेपुढे काठ्यांवर बश्या फिरवणारा एरिक ब्रेन! एक बशी डुगडुगायला लागली की तो धावतो, तिला गती देतो, तोवर दुसरी डुगडुगते. बघताना आपलाच श्वास अडकतो.

स्पेनचा शब्दभ्रमकार सेन्योर वेन्सेस घ्या. हाताची मूठ करायची, अंगठा आणि बोट यांच्यामध्ये लिपस्टिकने ओठ काढायचे, वर दोन डोळे, आणि झाला जॉनी नावाचा मुलगा. दुसऱ्या बाजूला पेटीत एक डोकं. पेटी उघडली की ते डोकं खरखरत्या आवाजात एक शब्द बोलायचं आणि अख्खं थिएटर खदखदायचं. आपल्याकडे पाध्ये पितापुत्रांच्या अर्धवटरावावर ज्यांनी जीव लावलाय त्यांना मी काय सांगतेय ते लगेच कळेल. वेन्सेस 103 वर्षं जगला. आणि तो इटालियन उंदीर, टोपो जिजिओ! काळ्या कपड्यांतली माणसं काळ्या पडद्यापुढे उभी राहून त्याला हलवायची. प्रेक्षकांना दिसायचा फक्त उंदीर, झोपायच्या आधी एडीकडे, म्हणजे सलिव्हनकडे, पापी मागणारा.

हे सगळे फिलर का हो?

हां, माहितीय, तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल, सलिव्हन काही संत नव्हता. नव्हताच. रविवारी दुपारी प्रेक्षकांसमोर रंगीत तालीम व्हायची आणि तिच्यानंतर तो कोणाचा वेळ छाटायचा, कोणाला चक्क गाळायचा. 1957 साली एल्विसला कमरेच्या वरच दाखवलं त्याच कार्यक्रमात. मान्य. पण अमेरिकेच्या दक्षिणेतले गोरे जाहिरातदार नाकं मुरडत असताना काळ्या कलाकारांना बोलावून, सगळ्यांसमोर हातात हात घेऊन, गालाला गाल लावून त्यांचं स्वागत करणाराही हाच. बोजँगल्स रॉबिन्सन हा थोर नर्तक 1949 साली गेला तेव्हा खिशात पैसा नव्हता. त्याच्या अंत्यसंस्काराचा खर्च सलिव्हनने केला. कलाकाराचं ऋण मानायचं ते असं.

परत त्या रात्रीकडे. कॅप्सनंतर ब्रॉडवेवरच्या 'ऑलिव्हर!' नाटकाचा संच होता. त्यात डेव्ही जोन्स नावाचा अठरा वर्षांचा मुलगा. त्याने विंगेतून त्या किंचाळणाऱ्या मुली पाहिल्या आणि हे आपल्याला हवं असं मनात घेतलं. दोन वर्षांत तो स्वतः मंकीज या बँडमधून घराघरांत पोचला. मग फ्रँक गॉर्शिन, नकलाकार. त्याने एकामागून एक नट असे उभे केले, की तोंडाचा सांगाडाच बदलत होता. पुढे बॅटमॅनच्या मालिकेत रिडलर हा खलनायक झाला तोच. मग टेसी ओशे, ब्रिटनच्या म्युझिक हॉलमध्ये, म्हणजे गाण्या-विनोदांच्या थिएटरांत, आयुष्य घालवलेली थोराड बाई. काय ताकद त्या बाईची! सगळं थिएटर चार पोरांची वाट बघतंय, आणि ही बाई पाय रोवून गाते, कोणाचंही काही देणं लागत नसल्यासारखी.

आणि मग चार्ली ब्रिल आणि मिट्झी मॅकॉल. तरुण नवराबायको, विनोदी प्रवेश करणारे. आयुष्यातली सगळ्यात मोठी संधी. तालमीनंतर सलिव्हनने त्यांना बोलावून सांगितलं, आजचे प्रेक्षक चौदा वर्षांच्या मुली आहेत, तुमचं हे त्यांच्या डोक्यावरून जाईल, बदला. कार्यक्रमाला थोडा वेळ उरलेला असताना! त्यांनी घाईघाईत इकडचं तिकडे केलं, उभे राहिले आणि पडले. साफ पडले. त्यांच्यानंतर लगेच बीटल्स येणार होते. या गोष्टीबद्दल ते दोघं चाळीसेक वर्षांनी रेडिओवर बोलले, तेव्हाही ती जखम ओलीच होती. मी ते ऐकलंय. मला पुढे ऐकवेना.

ज्यांना वाटतं की मधल्या माणसाला काही वाटत नाही, त्यांनी ते ऐकावं. तो दहा मिनिटांसाठी येतो. त्याच्यामागे दहा वर्षं असतात.

बाबा स्टेजवर आले तेव्हा गायक नुकताच आत गेला होता आणि मागून आरडाओरडा चालू होता, "वन्स मोअर, वन्स मोअर." निवेदकाने बाबांचं आडनावसुद्धा चुकीचं घेतलं. मी नऊ वर्षांची, जरीच्या परकरात, हातात पितळी ताट. माझं काम एवढंच, की बाबांच्या मुठीतून मीठ पडेल ते ताटात झेलायचं. घरी शंभरदा केलेलं. पत्त्यांच्या जादूला पहिल्या दोन रांगांनी टाळ्या वाजवल्या. मागच्यांना पत्ते दिसतच नव्हते. मग मीठ सुरू झालं आणि कोणीतरी ओरडलं, "पुरे झालं, गाणं लावा!" कमिटीतला एक जण विंगेतून बोटं फिरवून खुणा करायला लागला, आवरा, आवरा. बाबा आवरेनात. मुठीत जेवढं होतं तेवढं त्यांना सगळं सोडायचं होतं.

आता मघापासून टाळतेय ते लिहिते.

बरोबर त्या वेळी गायक चहा संपवून विंगेत येऊन उभा राहिला. चकचकीत सदरा, गळ्यात साखळी. आणि मी त्याच्याकडे बघायला लागले. ताट कलंडलं. मीठ ताटाबाहेर, स्टेजवर, बाबांच्या चपलांवर. लोक हसले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी कुठे बघतेय तेही पाहिलं. एक शब्द बोलले नाहीत. शेवटचा कण पडेपर्यंत हात तसाच धरला, नमस्कार केला आणि माझा हात धरून आत आले.

त्या रात्री आई तिथल्या पोरांना बाजूला करून स्टेजवरचं मीठ फडक्याने टिपत होती आणि तिकडे गाणं सुरू झालं होतं. बाबांनी ती जादू नंतर कुठेच केली नाही. मी लहान होते, मला कोणी काही म्हटलं नाही, आणि हो, गायक मोठा होता, लोक त्याच्यासाठीच आले होते, यात खोटं काही नाही. तरीही.

बाबांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली. त्या दहा मिनिटांचा एकही फोटो नाही. फ्रेड कॅप्सही 1980 सालीच गेला, पण त्याचं मीठ निदान डीव्हीडीवर तरी आहे. मी आज तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळी त्याचे हात पाहिलेच नाहीत, मुद्दाम त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसले. सगळं थिएटर दुसऱ्या कोणाची तरी वाट बघत असताना तो माणूस कशाचीही घाई करत नाही.

मीटिंग संपताना असं ठरलं, की कापलेल्या लोकांना सांगायचं काम माझं, कारण "तुमचं सगळ्यांशी चांगलं आहे." घरी येताना लिफ्टपाशी जलतरंगवाले काका भेटले. त्यांना अजून काही माहीत नाही. म्हणाले, बश्यांतली एक तडकली होती, पार भेंडीबाजारात जाऊन तशीच जोडीची शोधून आणली, सूर बरोबर लागतोय, शनिवारी ऐकशीलच.

मी त्यांना हो म्हटलंय. कमिटीतले जे कोणी हे वाचत असतील त्यांनी वाचावं. मी कोणालाही काही सांगणार नाहीये. काकांच्या बश्यांत पाणी भरायला शनिवारी सात वाजता मी स्टेजवर असेन.