चुंबक, चिंच आणि आजोबांचा आयर्न क्रॉस

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. राग रास्त आहे, म्हणून चार ओळींत न गुंडाळता सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं: आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणीतून इटलीत लढले, परत येताना एका जर्मन कैद्याकडचा आयर्न क्रॉस, म्हणजे जर्मन सैन्याचं शौर्यपदक, घेऊन आले. पदक खरं की नकली हे कसं ओळखावं यावरचा माझा लेख वाचून तुम्ही त्याची परीक्षा घेतली. फ्रिजवरचं चुंबक चिकटेना, नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली फीत पांढरी चमकली, आणि फीत ओवायच्या कडीवर 65 आकडा दिसल्यावर भाच्याने जाहीर केलं की हा 1965 चा माल. म्हणजे आजोबा खोटं बोलले का, असं तुम्ही मला विचारलंत.

आधी माझी चूक. ‘खरा असेल तर चुंबक चिकटेल’ असं मी सरळ ठोकून दिलं होतं, ते अर्धवट होतं. 1939 चा द्वितीय श्रेणीचा क्रॉस तीन तुकड्यांचा असतो: मधे काळा रंग दिलेला लोखंडी गाभा, आणि त्याला दोन्ही बाजूंनी मिठी मारणारी रुपेरी चौकट, तिचे दोन भाग कडेला झाळलेले. चौकट लोखंडाची नाही. तिथे चुंबक लावून काही कळायचं नाही, मधल्या काळ्या भागावर लावा. आणि तिथेही नाही चिकटलं, तरी लगेच निकाल देऊ नका. पितळ किंवा जस्ताचा गाभा असलेले अस्सल क्रॉसही सापडतात. उलट नकली बनवणाऱ्याला लोखंडाचा तुकडा मिळवणं काय जड आहे? चुंबक हा पुरावा नव्हे, चौकशीची सुरुवात. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता फीत. निळ्या दिव्याची कसोटी मी दिली ती अशासाठी, की युद्धानंतरच्या कृत्रिम धाग्यात आणि उजळवणाऱ्या रसायनात ती चमक येते. पण तुम्हीच लिहिलंय की दर खंडेनवमीला आजी क्रॉस शस्त्रांबरोबर पूजेला मांडायच्या, त्याआधी चिंचेने घासायच्या आणि फीत साबणाच्या पावडरीत बुचकळायच्या. अहो, मग ती चमकणारच! आपल्या कपडे धुण्याच्या पावडरीतही तेच रसायन असतं. चमकली नसती तर फीत जुनी असण्याला थोडा आधार मिळाला असता. चमकली यावरून फार तर घर स्वच्छ होतं एवढं कळतं.

चिंचेचं मात्र वाईट वाटलं. चौकटीच्या आतल्या कडेला बारीक रवाळ नक्षीची ओळ असते, तिच्यावर मुळात मंद पांढुरका मुलामा असतो. एवढी वर्षं घासल्यावर तो राहत नाही. म्हणून ‘फार चकचकीत दिसतो’ हा मुद्दाही तुमच्या क्रॉसला लावता येत नाही.

भाच्याला सांगा, 65 हे साल नाही. युद्धकाळात उत्पादकांना जर्मन राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयाकडून क्रमांक मिळत, ते कडीवर ठोकलेले असत. 65 म्हणजे इडार-ओबरश्टाइनची क्लाइन अँड क्वेन्त्सर ही कंपनी, 4 म्हणजे ल्यूडेनशाइडची श्टाइनहाउअर अँड ल्यूक. मागच्या बाजूला 1813 दिसेल त्यानेही बावरू नका. तो सन्मान प्रशियात पहिल्यांदा सुरू झाला ते वर्ष. आपल्याकडचे काही विक्रेते ते वाचून ‘दोनशे वर्षं जुना’ म्हणून भाव वाढवतात! पुढच्या बाजूला स्वस्तिक आणि खाली 1939 हवं. स्वस्तिकाच्या जागी ओकची पानं असतील, तर मात्र तो 1957 च्या कायद्यानंतर बनलेला. पश्चिम जर्मनीने जुन्या सैनिकांना पदक लावायची परवानगी दिली, पण नाझी चिन्ह काढून. तसा तुकडा युद्धात कैद्याच्या छातीवर असणं शक्य नाही.

आता जे आवडणार नाही तेही लिहितो. आजोबा खरे बोलले यावर माझा पूर्ण विश्वास आहे. 1944-45 मध्ये मराठा पलटणी इटलीत होत्याच. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस तिथल्याच पराक्रमाबद्दल मिळाला. शिवाय द्वितीय श्रेणीचे आयर्न क्रॉस जर्मनांनी वीस लाखांहून जास्त वाटले, तेव्हा एखादा साताऱ्यापर्यंत पोचला यात नवल नाही. पण गोष्ट खरी असली म्हणून आज डब्यात आहे तोच तुकडा खरा, असं होत नाही. मी स्वतः असा फसलो आहे. मुंबईत एका दुकानात पायदळाचा हल्ला-बिल्ला (हल्ल्यांत भाग घेतलेल्या जर्मन सैनिकांना मिळणारा, बंदुकीचं चित्र असलेला बिल्ला) घेतला, ‘इटलीहून आलेल्या हवालदाराच्या घरचा’ ही कहाणी ऐकून. घरी भिंगाखाली धरला, तर त्यावरच्या बंदुकीचा बोल्ट म्हणजे नुसता फोड, आणि मागच्या बाजूला ढोकळ्यासारखी जाळी. ठशाने दाबलेल्या धातूत असे बुडबुडे येत नाहीत. तो खऱ्या बिल्ल्यावरून साचा काढून ओतलेला होता. व्हर्नियरने मोजला तर मूळ मापापेक्षा किंचित लहान भरला, कारण ओतलेला धातू थंड होताना आकसतो. कहाणीचे पैसे मात्र दुकानदाराने पूर्ण मोजून घेतले होते.

म्हणून फोटोवरून निकाल देणार नाही, फक्त तीन फोटो मागतो. एक, क्रॉस उभा धरून कडेचा: दोन भागांच्या जोडाची रेघ दिसते की सगळं एकसंध आहे? नंतर झाळ घासून सपाट केलेली असल्यामुळे ती रेघ केसाएवढी असते, तिरप्या उजेडात शोधा. दुसरा, गाभा आणि चौकट भेटतात त्या कोपऱ्याचा. तिथे बारीक फट हवी. एकाच तुकड्यात ओतलेल्या नकलेत फट नसते, नुसता काळा रंग फासलेला असतो. तिसरा कडीवरच्या आकड्याचा, कारण 65 ठोकणं नकली करणाऱ्यालाही जमतं, पण अंकांची ठेवण सहसा जमत नाही.

माप चौकटीच्या एका टोकापासून समोरच्या टोकापर्यंत घ्या, साधारण 44 मिलिमीटर भरायला हवं. आणि या खंडेनवमीला क्रॉस पूजेला जरूर मांडा, फक्त फोटो काढून होईपर्यंत चिंच लावू नका.