गाईचा डॉक्टर आणि घोडीचा भ्रूण: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घोडीसाठी भ्रूण प्रत्यारोपण (एकीचा भ्रूण काढून दुसरीच्या पोटात वाढवणं) बरं की इक्सी (प्रयोगशाळेत बीजांड फळवून भ्रूण तयार करणं), या माझ्या लेखावर तुम्ही तीन गोष्टी लिहिल्यात. फ्लशिंग, म्हणजे गर्भाशय धुऊन भ्रूण बाहेर काढणं, बीजांड सुटल्यावर सहाव्या दिवशी नसतं, इक्सीचं कौतुक करताना खर्च आणि गर्भ गळण्याचं प्रमाण मी गाळलं, आणि "गाईंना सुया टोचणाऱ्याने घोडीवर बोलू नये, गोव्यात घोडे ते घोडेमोडणीतले." (घोडेमोडणी म्हणजे शिगमा या आमच्या होळीच्या सणात कमरेला लाकडी घोडा बांधून करायचा नाच.)

सहाव्या दिवसाचं मान्य. भ्रूण गर्भाशयात उतरतो तोच सहाव्या दिवसाच्या आसपास, म्हणून धुणं सातव्या-आठव्या दिवशी. दुरुस्ती केली आहे. आभार.

आता सुया. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात २६ वर्षं गोठे पालथे घातले. आषाढात वीज गेलेली, खांद्यापर्यंत हात गाईत, नि बाजूला म्हातारी घरधनीण कंदील धरून उभी. तिने कधी माझी लायकी काढली नाही. तुम्ही नाव न लिहिता काढलीत!

अहो, गाय ठाऊक म्हणूनच घोडीचा हट्ट कळतो. गाईला हार्मोनची इंजेक्शनं दिली की एका माजाला अनेक बीजांडं सुटतात. घोडी दाद देत नाही, धुऊन हाती लागतो बहुधा एकच भ्रूण. गाईचं बीजांड बशीत शुक्राणूंसोबत ठेवलं की फळतं. घोडीचं तसं १९९०च्या सुमारास फ्रान्समध्ये साधलं, जेमतेम दोन शिंगरं झाली. भरवशाची रीत सापडायला २०२२ उजाडलं. म्हणून तर एकच शुक्राणू उचलून बीजांडात टोचायचा, तीच इक्सी. कशाने टोचतात? सुईनेच, साहेब.

आणि घोडीही पाहिली आहे. प्रशिक्षणात गाळणीतलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत होतो, तर कडेला भ्रूण दिसला. साखरेच्या कणाहून बारीक, काचेच्या गोटीसारखा गुळगुळीत. मागे चहावरून चाललेली गप्पाटप्पी थांबली.

गोव्यात घोडे नाहीत म्हणे! विजयनगरला अरबी घोडे कुठल्या बंदरातून जात, ते जरा वाचा. २०२३ मध्ये बिकानेरला मारवाडी घोडीचा भ्रूण दुसरीच्या पोटात वाढून राज-प्रथमा नावाचं शिंगरू जन्मलं. त्यावर लिहायला काय बिकानेरला घर बांधू?

खर्चाचं नि गर्भ गळण्याचं म्हणाल, तर एका लेखात सगळं मावत नाही.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी आली तरच छापीन. शिगम्याला आमच्याकडे या. घोडेमोडणीचा घोडा कमरेला बांधून ढोलावर दोन फेऱ्या मारा, मग लाकडी घोड्यांबद्दल बोलू.