रीळ उघडू नका, आधी पट्टा धुवा

‘सीट बेल्ट बदला म्हणणारा गॅरेजवाला तुम्हाला लुटतोय’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज फॅमिली ग्रुपांवर फिरतोय. रोख स्कॉर्पिओ, बोलेरो, सफारी, टवेरा अशा दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या घरच्या गाड्यांवर आहे. त्यातले उपाय असे: बेल्ट परत आत जात नसेल तर रीळ, म्हणजे पट्टा गुंडाळून ठेवणारा डबा, उघडून स्प्रिंगला दोन पीळ जास्त द्या आणि ऑइल मारा. झटका दिल्यावर लॉक होत असेल तर बेल्ट ठणठणीत समजा. पट्टा कापला असेल तर बॅगवाल्याकडून शिवून घ्या. एअरबॅगचा दिवा लागला तर रेझिस्टर (वीज अडवणारा छोटा सुटा भाग) लावा. मागच्या सीटला बेल्टची गरजच नाही. आणि बेल्ट न लावता बीप बंद हवा असेल तर बकलमध्ये खोचायची क्लिप मिळते.

लुटणारे गॅरेजवाले असतात, नाही असं नाही. पण घरच्या घरी फुकटात होणारं जे काम आहे, त्याचा या मेसेजमध्ये उल्लेखच नाही. ज्याला घरी हात लावू नये, ते मात्र स्क्रूड्रायव्हर घेऊन करायला सांगितलंय.

रिळापासूनच सुरू करू. बेल्ट सोडल्यावर लोंबत राहतो, दारात सापडतो, ही जुन्या गाडीची नेहमीची तक्रार. दर वेळी स्प्रिंगच गेलेली असते असं नाही. बऱ्याचदा पट्टा मळलेला असतो. वर्षानुवर्षांचा घाम, केसांचं तेल आणि धूळ पट्ट्यात मुरते आणि खांद्याजवळ पट्टा ज्या कडीतून वळतो, तिथे चिकट काळा थर धरते. त्या कडीत बोट फिरवून बघा. पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा, परत आत जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला मोठी बाइंडर क्लिप लावा, आणि कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून मऊ ब्रशने दोन्ही बाजू धुवा. पाणी चहासारखं निघतं. कडी ओल्या फडक्याने पुसा. पट्टा ताणलेलाच ठेवून पूर्ण वाळवा, मगच आत सोडा. ओला पट्टा रिळात गेला की बुरशीचा वास येतो. ब्लीच, पेट्रोल, थिनर अजिबात नको, त्याने धागा कमजोर होतो. ऑइलही नको. त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात पहिल्यापेक्षा जास्त अडकतं.

एवढं करूनही बेल्ट आत जात नसेल तर स्प्रिंग थकली असेल. मग अख्खं रीळ बदलायचं. झाकण उघडलं की आतली चपटी स्प्रिंग उसळून बाहेर येते, आणि मूळच्या ताणावर ती परत गुंडाळणं घरी जमत नाही. शिवाय लॉक करणारी यंत्रणा त्याच डब्यात असते.

त्या यंत्रणेमुळेच ‘झटका चाचणी’ अर्धवट ठरते. रिळात साधारणपणे दोन स्वतंत्र लॉक असतात. एक पट्टा जोरात ओढला की लागतं. दुसरं गाडीच्या हालचालीवर चालतं: छोट्याशा खोलगट जागेत पोलादी गोळी बसवलेली असते, जोराचा ब्रेक लागला किंवा गाडी कलली की ती सरकते आणि दाते अडकतात. कशेडी घाटात तिरक्या उतारावर गाडी उभी केली आणि बेल्ट निघेना, तर तो बिघाड नाही, गोळी तिचं काम करतेय. रीळ खोलून हातात आडवं धरलं की पट्टा हलत नाही, तोही याच कारणाने. तरी ‘जाम झालंय’ म्हणून ते ठोकणारे पाहिलेत. घरी झटका देऊन तपासलं जातं ते फक्त पहिलं लॉक. तेवढ्यावर बेल्ट ठणठणीत ठरत नाही. मात्र झटक्याला लॉक झालाच नाही, तर निकाल तिथेच लागला.

शिवण्याचा सल्ला सगळ्यात धोक्याचा. युरोपीय नियमाप्रमाणे बेल्टच्या पट्ट्याने सुमारे दीड टनाचा ताण सहन केला पाहिजे. कारखान्यातली शिवण पट्ट्याच्या टोकांना असते, मधे कधीच नसते. मधे टाके घातले म्हणजे सुईची भोकं पडली, आणि सगळा भार बॅगेच्या दोऱ्यावर आला. काही बेल्टांना खालच्या टोकाशी पट्ट्याची घडी मुद्दाम शिवलेली असते. अपघातात ती उसवते आणि छातीवरचा मार कमी करते. ती उसवलेली दिसली तर बेल्टने आपलं काम एकदा केलेलं आहे. पुन्हा शिवायचा नाही, बदलायचा.

भंगारातून बेल्ट घेणाऱ्यांनीही हीच घडी आधी पाहावी. पट्टा पूर्ण ओढून आतला भाग बघा, कडीवर घासून वितळल्यासारखे ओरखडे आहेत का ते बघा, लेबलवरचं साल वाचा. तुमच्या गाडीला एअरबॅग असतील तर बेल्टमध्ये बहुधा प्रीटेन्शनरही असतो. त्यातला छोटा स्फोटक चार्ज धडकेच्या क्षणी पट्टा आवळतो, तोही एकदाच. उडालेला प्रीटेन्शनर काढून तिथे रेझिस्टर लावला की कॉम्प्युटर फसतो आणि दिवा विझतो. बेल्ट होता तसाच राहतो. जुनी गाडी घेताना चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतोय ना, ते बघा. एअरबॅग असूनही लागतच नसेल तर कुणीतरी तो बंद करून ठेवलेला असू शकतो. आणि या गाड्यांच्या कित्येक मॉडेलना एअरबॅग नव्हत्याच, तिथे बेल्ट हाच एकमेव आधार.

‘मागे गरज नाही’ याला उत्तर महाराष्ट्रात तरी द्यावं लागू नये. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडी धडकून उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबत मागे बसलेले सहप्रवासी गेले. दोघांनीही बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले. ताशी 50 किलोमीटरने धडकणं म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून पडणं. मागचा माणूस त्या वेगाने पुढच्याच्या पाठीवर आदळतो. पुढे तोंड असलेल्या मागच्या सीटवर बेल्ट लावणं केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार बंधनकारक आहे, न लावल्यास दंड 1000 रुपये.

खरं तर मागचे बेल्ट बिघडलेले नसतात, गाडलेले असतात. कुशनवाल्याने नवं कव्हर चढवताना बकल खाली दाबून टाकलेलं असतं. कव्हरला चीर पाडून घ्या, बकल वर काढा. त्यात शेंगदाण्याची सालं, बिस्किटाचा चुरा, एखादं नाणं निघेल. पंक्चरवाल्याकडे हवा मारून घेतली की बहुतेक वेळा ‘टक’ आवाज परत येतो.

बीपच्या क्लिपबद्दल एवढंच, की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2023 मध्ये कारवाई करून अशा 13,118 जाहिराती ऑनलाइन दुकानांवरून काढायला लावल्या.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट कोकणातल्या गाड्यांसाठी. दाराजवळचं मॅट उचला आणि बेल्टचा बोल्ट जिथे बसतो तो पत्रा दाबून बघा. पावसाचं पाणी तिथेच साचतं. पत्रा फुगलेला किंवा सडलेला असेल तर नवाकोरा बेल्टही धडकेत पत्र्यासकट उपटून येईल, त्यामुळे आधी पत्र्याचं काम करून घ्या. बोल्टही मूळचाच किंवा त्याच आट्याचा हवा. तिथे बऱ्याच गाड्यांत बारीक आट्यांचा खास बोल्ट असतो; डब्यातला दुसरा कुठलाही ठोकून बसवला की आटे जातात.