सासूबाईंचं काळं फिनेल आणि ऐरोलीच्या ताईंचा राग

ताई, तुमच्या प्रतिक्रियेला खाली चार ओळी लिहून भागलं नसतं, म्हणून हे स्वतंत्र उत्तर.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की काळं फिनेल, सुटं ॲसिड आणि डांबराच्या गोळ्या घराबाहेर काढा आणि धुण्याची पावडर कमी टाका. त्यावर ऐरोलीच्या या ताई म्हणतात: सासूबाईंनी जन्मभर काळ्या फिनेलने लादी पुसली आणि ऐंशी ओलांडून ठणठणीत राहिल्या. आता सासरे अंथरुणाला खिळलेत, दिवसातून दोनदा चादर बदलावी लागते, तिथे जंतू मेलेच पाहिजेत. रिठे भिजवणं, लिंबाच्या साली मुरवणं हे टॉवरवाल्यांचे चोचले. आणि शेवटी, 'खाडीतले फ्लेमिंगो माझ्याकडे धुणं धुवायला येत नाहीत.'

फ्लेमिंगोंचं वाक्य वाचून मी मोठ्याने हसले. त्यांच्याकडे नंतर येते, आधी सासरे.

तुमच्या घराला ब्लीच लागणारच, आणि ते वापरू नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. आजारी माणसाच्या चादरीला विष्ठा लागली असेल तर सुगंधी लिक्विडपेक्षा साधं सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजेच ब्लीच, कधीही बरं. फक्त क्रम सांभाळायचा. आधी हातमोजे घालून घाण काढून संडासात टाकायची आणि चादर साध्या पाण्यात चांगली खळबळून घ्यायची. लघवीने भिजलेली चादर थेट ब्लीचच्या बादलीत घालू नका. लघवीतल्या अमोनियाशी ब्लीचची गाठ पडली की क्लोरामाइन नावाचे वायू तयार होतात. डोळे चुरचुरतात, घसा धरतो, दम्याच्या माणसाला धाप लागते. खळबळून झाल्यावर साबणाने धुवा. चादर गरम पाण्यात, म्हणजे साठ अंशांच्या वर, धुता येत असेल तर ब्लीचची गरजही उरत नाही. ते शक्य नसेल तर ०.०५ टक्के ब्लीचच्या पाण्यात अर्धा तास भिजवून भरपूर पाण्यातून काढा. बाटलीवर ५ टक्के लिहिलं असेल तर एक लिटर पाण्याला दहा मिलि, म्हणजे दोन चहाचे चमचे. कॉट, कमोडची खुर्ची, दाराची कडी पुसायला याच्या दुप्पट, लिटरला वीस मिलि. त्याहून घट्ट केल्याने जंतू जास्त मरत नाहीत, तुमच्या फुप्फुसांचे मात्र हाल होतात. पुसल्यावर लगेच कोरडं करू नका, काही मिनिटं ओलं राहू द्या. घाईघाईत फडकं फिरवून काहीच साधत नाही.

रोजचं मिश्रण रोज करा. ब्लीच ऊन आणि उकाडा सोसत नाही, खिडकीत ठेवलेल्या बाटलीतला दम महिन्यामहिन्याने कमी होत जातो. घेताना तारीख बघा आणि मोठा कॅन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका.

आणि सासऱ्यांच्या चादरींना कंडिशनर घालणं थांबवा. त्याचा मेणचट थर सुती कापडावर बसतो आणि कापड पाणी शोषेनासं होतं. अंथरुणावरच्या माणसाला नेमकं उलटं हवं असतं. शिवाय पाठीची कातडी आधीच नाजूक झालेली असते, तिला तो सुवास आणखी टोचतो.

आता सासूबाई. त्या ठणठणीत होत्या याचा मला आनंद आहे, पण त्यावरून काळं फिनेल निर्धोक ठरत नाही. जन्मभर तंबाखू खाऊन नव्वदी गाठलेले आजोबा आपल्या प्रत्येकाच्या गावात असतात. त्यातून त्यांची लादी कुठली होती तेही आठवा. पुढेमागे दारं, मोरीला उघडी खिडकी, वारा आरपार. आपल्या फ्लॅटचं बाथरूम चार बाय सहाचं, खिडकी डक्टमध्ये उघडते, एक्झॉस्ट फॅन बहुधा बंद पडलेला. तेच औषध, तेवढंच माप, पण हवा दहावा हिस्सा.

काळं फिनेल म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरातून निघणारी फिनॉलच्या कुळातली आम्लं, साबणात घोळवलेली. पाण्यात टाकलं की दुधासारखं होतं ते त्यामुळेच. जंतू मारतं, यात वाद नाही. पण ते कातडीतूनही आत जातं. मांजराचं शरीर फिनॉल नीट बाहेर टाकू शकत नाही, पुसलेल्या लादीवर चालून पंजे चाटले तरी ते आजारी पडतं. तान्ह्या बाळांचं सांगायचं तर फिनॉलच्या जंतुनाशकांमुळे अमेरिकेतल्या इस्पितळांच्या शिशुकक्षांत बाळांची कावीळ वाढल्याचं १९७० च्या दशकात दिसलं. बाळ असताना त्याचा पाळणा फिनॉलने पुसू नका, असं तिथली रोगनियंत्रण संस्था आजही सांगते. पांढरं फिनेल हा निराळा प्रकार आहे, त्यात बहुधा पाइन तेल असतं. वासाने डोकं चढतं हे खरं, पण काळ्याइतकं जहाल नाही. माझं मत विचाराल तर रोजच्या लादीला दोन्हींची गरज नाही. बादलीभर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा किंवा भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब पुरतात. लादीवर धूळ, तेल आणि पावलं असतात, कॉलरा नसतो. ज्या दिवशी सासऱ्यांच्या खोलीत सांडलवंड होईल त्या दिवशी तेवढ्या जागी ब्लीच.

तुमच्या प्रतिक्रियेत मला सगळ्यात जास्त बोचलं ते वाक्य बहुतेकांच्या नजरेतून सुटेल. 'मावशी संडासात दोन्ही एकत्र टाकतात, मस्त चकचकीत होतं.'

ताई, हे आजच्या आज थांबवा. संडासाच्या बाटल्या दोन जातीच्या येतात. एकीत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, साधारण दहा टक्के. दुसरीत सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही बाटल्यांचा आकार सारखा, झाकण सारखं, चित्रही सारखं, फरक मागच्या बारीक अक्षरांत. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात खंदकांवर सोडलेला वायू हाच. डक्टच्या खिडकीवाल्या बंद बाथरूममध्ये मावशी उकिडव्या बसून घासत असतात, तोंड भांड्यापासून हातभर अंतरावर. हवेपेक्षा जड असलेला तो वायू खालीच साठतो, म्हणजे त्यांच्या नाकाशी. चकाकी आली ती नुसत्या ॲसिडनेही आली असती. दोन्ही बाटल्या घरात हव्याच असतील तर एक आतल्या संडासात आणि दुसरी कपाटात कुलपाखाली ठेवा, आणि मावशींना बाटली दाखवून, वाचून, समजावून सांगा. व्हिनेगर, लिंबूसत्व, साली मुरवून केलेलं घरचं बायोएन्झाइम हीसुद्धा आम्लंच, त्यांच्याबरोबरही ब्लीच चालत नाही.

आपल्याकडे हा विषय निघाला की सगळे स्वतःच्या मुलांच्या ॲलर्जीबद्दल बोलतात. चार घरची धुणी-भांडी आणि सहा संडास करणाऱ्या बाईच्या वाट्याला रोज किती वाफ येते, याचा हिशेब कुणी करत नाही. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठाच्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त लोकांची फुप्फुसं वीस वर्षं तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात घरात किंवा नोकरीत नियमित सफाई करणाऱ्या बायकांची फुप्फुसांची ताकद इतर बायकांपेक्षा वेगाने घटलेली दिसली. पुरुषांत तसं आढळलं नाही, पण सफाई करणारे पुरुषच त्यात मोजके होते. (यावर मी काही बोलत नाही.) संशोधकांचा सल्लाही साधाच होता: बहुतेक कामाला मायक्रोफायबरचं फडकं आणि पाणी पुरतं. हातमोजे तुम्हाला सासऱ्यांसाठी आणायचेच आहेत, दोन जोड जास्त आणा.

सुट्या ॲसिडबद्दल मी अजिबात मऊ होणार नाही. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली. विकत घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, नोंदवहीत नाव-पत्ता आणि कारण लिहायचं, अठरा वर्षांखालच्याला द्यायचंच नाही. तरीही दारावर सुटं फिनेल विकणारा येतो तेव्हा त्याच्या कॅनमध्ये ॲसिडही असतं आणि ते आपण कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत भरून घेतो. घरात दोन मुलं आहेत म्हणता. कुणी चुकून घोट घेतलाच तर उलटी करवू नका, खाली गेलेलं ॲसिड वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतं. चूळ भरायला लावा, बाटली बरोबर घ्या आणि इस्पितळ गाठा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र चोवीस तास फोन घेतं, १८०० ११६ ११७. फ्रिजवर चिकटवून ठेवा.

डांबराच्या गोळ्यांवर तुम्ही काही म्हटलं नाहीत, म्हणजे तेवढं पटलं असावं. तरी एक सांगते, कारण तुमच्या जाऊबाईंना दिवस गेल्याचं तुम्हीच लिहिलंय. ट्रंकेत नॅफ्थलीनच्या गोळ्यांबरोबर ठेवलेली जुनी गोधडी, दुपटी, झबली काढून बाळाला थेट घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने फुटतात आणि कावीळ भडकते. गोधडी धुऊन दोन-तीन दिवस कडक उन्हात घाला, वास पूर्ण गेल्यावरच वापरा. युरोपीय संघाने २००८ मध्ये या गोळ्यांवर बंदीच घातली. कपाटात सुकी कडुलिंबाची पानं ठेवा. कसर लागणार नाही अशी हमी देत नाही, पण तुमच्या ट्रंकेत लोकरीचं असं कितीसं असणार?

आता चोचले. ताई, मागच्या लेखात रिठ्याचा उल्लेख एकदाच आहे, तोही रेशमी साडीसाठी. लिंबाच्या सालीच्या बायोएन्झाइमचा तर नाहीच. ते तुम्ही सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाचलं असणार, कारण ते तिथे रोज येतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने थांबा. करायला हरकत नाही, ओला कचरा तेवढा कमी होतो. पण ते सौम्य आम्ल आहे, जंतुनाशक म्हणून त्यावर भिस्त ठेवू नका. आणि तुमचा ओटा कडप्प्याचा असेल तर त्यावर ते ओतूच नका. कडप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड, लिंबू-व्हिनेगरनेसुद्धा त्यांच्यावर पांढरे डाग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. ग्रॅनाइटला चालतं. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र फसफसवण्याचे व्हिडिओ तर विचारू नका. फेस छान दिसतो, पण दोघांनी एकमेकांना मारलेलं असतं, उरतं खारट पाणी.

रिठ्यातलं सॅपोनिन खूप जुन्या काळापासून डोहातले मासे मारायला वापरलं जातं. डोळ्यात गेलं तर रडवतं. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी असं मी म्हणत नाही आणि 'केमिकल-फ्री' लिहिलेल्या महागड्या बाटल्या घ्या असंही म्हणत नाही. हिरवं पान छापलेल्या बऱ्याच लिक्विडमध्येही टिकण्यासाठी मिथाइलआयसोथायाझोलिनोन घातलेलं असतं. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या एका संघटनेने २०१३ साली त्याला 'वर्षातलं ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. हाताला खाज येत असेल तर बाटलीवर तो शब्द आधी शोधा. सापडला नाही तरी निश्चिंत होऊ नका, आपल्याकडे अशा बाटल्यांवर सगळे घटक क्वचितच लिहिलेले असतात.

माझ्या यादीत विकत घेण्यासारखं होतं तरी काय? धुण्याचा सोडा, साधा साबण, ब्लीचची लहान बाटली, नळावरचे पांढरे थर काढायला थोडं लिंबूसत्व. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळतं. खर्च वाढत नाही, चार बाटल्यांचा कमी होतो.

पावडरचंही तसंच. तुमच्या नळाला धरणाचं पाणी येतं, मोरबेचं असो की बारवीचं. ते मऊ असतं, त्यात साबण लगेच फेसाळतो. पाकिटावरचं माप सगळ्या देशासाठी लिहिलेलं असतं, जड पाण्याच्या गावांनाही पुरेल असं. तुम्ही अर्ध्या मापाने सुरुवात करून बघा. माझ्याकडे घोडबंदर रोडला उन्हाळ्यात टँकर येतात, बोअरच्या पाण्यात साबणाचा चोथा होतो, तेव्हा मलाच जास्त पावडर टाकावी लागते. फ्रंट लोड मशीनमध्ये जास्त फेस झाला तर कपडे एकमेकांवर आपटत नाहीत, फेसावर तरंगतात, मग मळही जात नाही आणि पावडरही निघत नाही. सासऱ्यांच्या पाठीवर पुरळ आहे म्हणता, तर चादर एकदा नुसत्या पाण्यात घालून बघा. फेस आला तर दोषी सापडला म्हणायचं.

फ्लेमिंगो. ठाण्याची खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे जगाने मानलेली महत्त्वाची पाणथळ जागा, आहे आणि ते बघायच्या बोटी तुमच्या ऐरोलीतूनच सुटतात. तुमचं धुणं ते धुवायला येत नाहीत हे बरोबर, पण तुमच्या धुण्याचं पाणी शेवटी त्यांच्याकडे जातं. अर्धं माप टाकलंत की त्यांचंही भागलं, वेगळं पुण्य करायला नको.

राहिला पावसाळ्यातला कुबट वास, ज्याच्यासाठी तुम्ही कंडिशनर घालता. तो वास मोराक्सेला नावाच्या जिवाणूचा असतो, त्याला ओलं कापड आणि वेळ मिळाला की तो वाढतो. सुवासाने तो मरत नाही, झाकला जातो. ऑक्सिजन ब्लीच (सोडियम परकार्बोनेटची पावडर, वरचं ब्लीच नव्हे) मिळालं तर कोमट पाण्यात विरघळवून त्यात टॉवेल तासभर भिजवा, नाहीतर गरम पाण्यात धुवा. मशीन थांबल्या थांबल्या कपडे बाहेर काढा, दोऱ्यांवर अंतर ठेवून पसरा आणि पंखा लावा. तरीही दमट राहिले तर इस्त्री फिरवा. मशीनच्या दाराचं रबर आतून उलटून बघा, काळी बुरशी बहुधा तिथेच असते. ती ब्लीचच्या फडक्याने पुसा आणि धुणं नसेल तेव्हा दार उघडं ठेवा.